मकरपुरा जीआयडीसी: एफएक्स२एन, लाल दिवा आणि लॅपटॉप न पकडणारी केबल

तक्रार फोनवर आली ती एवढीच, "नवीन लॅपटॉप केबलच पकडत नाहीये, केबल बाद झाली वाटतं, नवीन कुठली घेऊ सांग." बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं मसाला पाउच पॅकिंगचं छोटं युनिट, मशीन जुनं पण ठणठणीत, आत मित्सुबिशीचा एफएक्स२एन पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक, केबल म्हणजे त्याला लॅपटॉप जोडायची), आणि मशीन ज्यानं बनवलं तो कधीच धंदा गुंडाळून मोकळा झालेला. मेंटेनन्स बघणारे काका दांडिया बाजारातले, एका दमात माझ्याशी मराठी आणि शेठशी गुजराती बोलणारे, त्यामुळे त्यांच्या मराठीतही "ने" आणि "तर पछी" येऊन जातं. मला म्हणाले, "अरे भाऊ, मागच्या लॅपटॉपवर तर चालूच होती ने, ह्या नव्याला काय झालं?"

केबल नवी घ्यायची का हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि आधी विचारलं की अचानक पीएलसीला लॅपटॉप लावायची वेळ का आली. तेव्हा कळलं की पीएलसीवरचा बॅटरीचा लाल दिवा लागलाय, किती दिवसांपासून ते कुणालाच माहीत नाही, ऑपरेटर म्हणतो दिवाळीआधीपासून असेल. इथे मामला वेगळाच झाला. एफएक्स२एनमध्ये प्रोग्रॅम आतल्या ८००० स्टेपच्या रॅममध्ये असतो आणि मशीन बंद असताना ती रॅम एका ३.६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जगते, एफ२-४०बीएल नावाची. एफएक्स१एनसारख्या लहान भावात ईईप्रॉम असते, तिथे बॅटरी गेली तरी प्रोग्रॅम राहतो, इथे नाही. दिवा लागल्यावर साधारण महिनाभराची मुदत धरतात, पण महिना कधी सुरू झाला हेच माहीत नसेल तर ती मुदत काय कामाची. आणि बॅकअप? बॅकअप जुन्या लॅपटॉपमध्ये होता. जुना लॅपटॉप कुठे? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून शेठनी तो एक्सचेंजमध्ये देऊन विंडोज ११ वाला नवा आणला, डेटा कॉपी केला टॅलीचा आणि बिलांचा, मशीनच्या फोल्डरकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

म्हणलं काका, एक काम करा, मी येईपर्यंत पॅनलचा मेन बंद करायचा नाही, रात्रीसुद्धा नाही. सप्लाय चालू आहे तोवर रॅमला बॅटरीची गरज नाही. काकांनी एमसीबीवर चिकटपट्टी मारली आणि गुजरातीत "बंद करवुं नहीं" लिहून वर सही ठोकली. सही का ते विचारू नका, पण त्या शेडमध्ये काकांच्या सहीला शेठपेक्षा जास्त मान आहे.

आता मूळ मुद्दा. "कॉम्प्युटर केबल ओळखत नाही" हे म्हणजे डॉक्टरला नुसतं "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे, त्यातून औषध ठरत नाही. प्रोग्रॅमिंग केबलच्या बाबतीत ह्या एका वाक्यामागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि चारींचे उपाय एकमेकांशी संबंध नसलेले. केबल लावली तरी विंडोजचा टिंग आवाजच येत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पानही हलत नाही, तर संगणकाला काही लागलंय हेच कळलेलं नाही, म्हणजे पोर्ट मेलेला, वायर तुटलेली, किंवा ज्या केबलींना यूएसबीची लीड वेगळी लागते तिथे कुणीतरी मोबाइल चार्जिंगची लीड लावलीय ज्यात डेटाच्या दोन तारा नसतातच (हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा निघतं). आवाज येतो पण "अननोन यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड" आणि कोड ४३ दिसतो, तर काहीतरी लागलंय एवढं कळलं पण चिपला स्वतःचं नाव सांगता आलं नाही, हार्डवेअर आयडी बघितला तर व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ००००, पीआयडी (चिपचा क्रमांक) ०००२ असा रिकामा येतो, अशा वेळी ड्रायव्हर कितीही टाका उपयोग शून्य, चिप किंवा सोल्डरिंग गेलेलं असतं नाहीतर हबमधून व्होल्टेज पुरत नसतं. तिसरा प्रकार नाव दिसतं पण पिवळा त्रिकोण, हा ड्रायव्हरचा विषय. आणि चौथा, सगळं हिरवंगार, कॉम पोर्ट (केबलीला विंडोजनं दिलेला सिरियल पोर्ट) नंबरासकट दिसतोय, तरी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर म्हणतं पीएलसीशी बोलता येत नाही. चौथ्यात विंडोजचा काहीच दोष नसतो पण लोक शिव्या विंडोजलाच देतात.

मी पोचलो तोवर शेठच्या मुलानं पुष्कळ उद्योग करून ठेवले होते. सगळे पोर्ट बदलून झाले, रिस्टार्ट झाले, नेटवरून एक "ड्रायव्हर अपडेटर" उतरवून झाला जो स्वतःच दर दहा मिनिटांनी पैसे मागत होता आणि बरोबर एक अँटिव्हायरस घेऊन आला होता. आधी ते दोन्ही काढून टाकलं. प्रोग्रॅमिंग केबलसाठी असला अपडेटर कधीही चालवू नये, तो सगळ्यात नवीन ड्रायव्हर शोधतो, आणि ह्या प्रकरणात सगळ्यात नवीन ड्रायव्हर हाच रोग होता, पण ते पुढे येतंय.

ड्रॉवरमधून दोन केबली निघाल्या, एक काळी एक करडी, दोन्हीच्या टोकाला तसाच गोल आठ पिनचा मिनी डिन प्लग, लेबल कुठल्याच केबलवर नाही. पोरानं दोन्ही लावून बघितल्या होत्या. काळी लावली तर पिवळा त्रिकोण, करडी लावली तर कॉम पोर्ट दिसतो पण पीएलसी बोलत नाही, त्यामुळे त्याचा निष्कर्ष असा की करडी चांगली आहे आणि पीएलसीचा पोर्ट उडालाय. शेठनं हे ऐकून पीएलसीचे भाव काढायला घेतले होते. करडी डेल्टाची होती. बाजूच्या लेबलिंग मशीनवर डेल्टाचा डीव्हीपी पीएलसी आहे, त्याची. डेल्टाच्या डीव्हीपीचं आणि मित्सुबिशी एफएक्सचं सॉकेट दिसायला हुबेहूब, प्लग आत बसतोही, पण डेल्टाच्या त्या पोर्टवर आरएस-२३२ असतं आणि एफएक्सच्या पोर्टवर आरएस-४२२, सिग्नल वेगळे, पिना वेगळ्या. त्यामुळे करडी चांगलीच होती, फक्त ह्या पीएलसीसाठी ती कधीच बोलणार नव्हती. दोन केबली, दोन वेगळे आजार, आणि दोन्हीची बेरीज करून तिसरंच निदान काढलेलं. शेठना म्हणलं थांबा, भाव काढू नका.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पॅनलला लॅपटॉप लावताना चार्जर काढून ठेवायचा, बॅटरीवर काम करायचं. स्वस्तातल्या केबलीत आयसोलेशन नसतं, चार्जरमधून गळणारा करंट आणि शेडचं अर्थिंग जुळलं नाही तर झटका पीएलसीच्या पोर्टला बसतो, आणि आरएस-४२२ ची चिप एकदा उडाली की मग खरोखरच भाव काढावे लागतात. प्लगसुद्धा खाच बघून सरळ घालायचा, फिरवून जागा शोधायची नाही, पिना वाकतात. काका हे सगळं ऐकून घेतात आणि मग तेच पोराला असं सांगतात जणू त्यांचं स्वतःचं आहे, चालायचंच.

तर काळी केबल. टिंग वाजलं. डिव्हाइस मॅनेजर उघडला. पोर्ट्सच्या खाली पिवळा त्रिकोण आणि जिथे डिव्हाइसचं नाव असतं तिथे नावाच्या जागी चक्क निरोप: "पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आऊट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर". पोरानं हे वाचलं होतं, पण त्याला वाटलं ही जाहिरात आहे. दोष नाही त्याचा, डिव्हाइसच्या नावाच्या जागी कुणी असं पत्र लिहून ठेवेल असं कुणाला वाटणार. तरी मी प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सच्या टॅबवर जाऊन हार्डवेअर आयडी बघितला, कारण नाव हे ड्रायव्हर लिहितो आणि आयडी हा चिप स्वतः सांगते. व्हीआयडी ०६७बी, पीआयडी २३०३. म्हणजे प्रोलिफिकची पीएल२३०३, निदान चिप तरी स्वतःला तेच म्हणवतेय.

ह्या धंद्यात हे चार आयडी पाठ असले की अर्धं काम झालं. ०६७बी आणि २३०३ म्हणजे प्रोलिफिक. ०४०३ आणि ६००१ म्हणजे एफटीडीआयची एफटी२३२. १ए८६ आणि ७५२३ म्हणजे सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०x. केबलवर मित्सुबिशीचं नाव छापलेलं असो, डेल्टाचं असो, वॉकीटॉकीचं असो नाहीतर काहीच छापलेलं नसो, विंडोजला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याला यूएसबीच्या टोकाला बसलेली ही छोटी चिप दिसते आणि ड्रायव्हर तिचा लागतो. लोक मात्र "यूएसबी-एससी०९ ड्रायव्हर" असं (यूएसबी-एससी०९ हे ह्या केबलीचं बाजारातलं नाव) शोधत बसतात आणि कुठल्या कुठल्या साइटवरून झिप फाइली उतरवतात.

म्हणजे लॅपटॉप केबल ओळखत नव्हता हे खरंच नव्हतं. चांगली ओळखली होती, अगदी व्हर्जनसकट, आणि ओळखूनच दारात अडवली होती.

असं का, ते थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. पीएल२३०३ ही एकेकाळी सगळ्यात खपणारी यूएसबी ते सिरियल चिप होती, आणि खपते म्हणल्यावर तिच्या नकला निघाल्या, इतक्या की नकली चिप कंपनीचाच ड्रायव्हर वापरायची आणि बिघडली की बोलणी कंपनीला. मग कंपनीनं जुना एचएक्सए प्रकार २०१२ मध्ये बंद केला आणि पुढच्या ड्रायव्हरात अशी सोय केली की जुनी किंवा संशयास्पद चिप दिसली तर चालूच व्हायचं नाही. आधी नुसता कोड १० यायचा, "धिस डिव्हाइस कॅनॉट स्टार्ट", ज्यातून कुणाला काही कळायचं नाही, नंतर हा असा सरळ निरोप यायला लागला. त्यात गोम अशी की अस्सल पण जुनी चिप आणि नकली चिप ह्या दोघींना एकच वागणूक मिळते, त्यामुळे निरोप आला म्हणजे तुमची केबल नकलीच असं म्हणता येत नाही. कंपनीचं स्वतःचं एक चेकचिपव्हर्जन नावाचं छोटं टूल आहे, त्यात कुठला प्रकार आहे ते दिसतं. एफटीडीआयनं तर २०१४ मध्ये ह्याच्या पुढची पायरी गाठली होती, विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर आला की नकली चिपचा पीआयडीच शून्य करून टाकायचा, म्हणजे ती केबल मग दुसऱ्या संगणकावरही ओळखली जाईना, त्यावर एवढा आरडाओरडा झाला की तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. कंपन्यांची बाजू मला कळते, नकलेचा वैताग मोठा असतो, पण ज्यानं बाजारातून विश्वासानं केबल घेतली आणि वर्षानुवर्षं वापरली त्याला एका सकाळी "सप्लायरला विचारा" म्हणणं हेही काही खरं नाही. कुठला सप्लायर? काकांना तर दुकानसुद्धा आठवत नव्हतं, बिल तर सोडाच.

शेठचं म्हणणं सरळ होतं, "नवी लई लो ने, केटला थशे?" म्हणजे नवी घेऊन टाका ना, किती होतील. नवी घ्यायचीच होती, पण ती येईपर्यंत पॅनल चालू ठेवून बसायचं आणि मधे लाईट गेली तर? प्रोग्रॅम आत्ताच बाहेर काढायला हवा होता. ह्या चिपसाठी जुना ड्रायव्हर ३.३.२.१०५, तारीख २७ ऑक्टोबर २००८, हा ही तपासणी करत नाही आणि ६४ बिट विंडोजवरही चालतो. प्रश्न एवढाच की तो विश्वासाच्या जागेवरून आणायचा कुठून. काकांनी ड्रॉवरच्या तळातून केबलीबरोबर आलेली ती छोटी सीडी काढली, तीन इंची, जी नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही म्हणून पोरानं निकालात काढली होती. अकाउंटच्या जुन्या डेस्कटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह निघाला, सीडीवर ओरखडे होते पण वाचली, आत नेमका तोच २००८ चा ड्रायव्हर. पेनड्राइव्हवर घेतला, स्कॅन केला, लॅपटॉपवर आणला.

टाकायची पद्धत इथे महत्त्वाची, कारण सेटअप डबलक्लिक केला तर विंडोज म्हणतं आमच्याकडे ह्यापेक्षा नवीन आहे आणि नवीनच लावून मोकळं होतं. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या त्रिकोणावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, मग "ब्राउझ माय कॉम्प्युटर", आणि त्याच्या पुढच्या पानावर फोल्डर न देता खालचा "लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट" हा पर्याय, मग हॅव डिस्क करून ड्रायव्हरची आयएनएफ फाइल दाखवायची. आता यादीत दोन व्हर्जन दिसतात, २००८ वालं हातानं निवडायचं. त्रिकोण गेला, नाव आलं "प्रोलिफिक यूएसबी-टू-सिरियल कॉम पोर्ट", पुढे कॉम ७. पोरानं टाळी वाजवली. हे सगळं इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर हां, हल्ली एआरएम प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप निघालेत त्यांना त्यांच्या जातीचाच ड्रायव्हर लागतो, तिथे २००८ चं काही चालणार नाही.

टाळी जरा लवकर झाली. मित्सुबिशीचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर जीएक्स वर्क्स२ उघडलं, कम्युनिकेशन टेस्ट दाबली, उत्तर नाही.

काका म्हणाले, "पोर्टच उडालाय मग." हा तो चौथा प्रकार, आणि इथे लोक परत ड्रायव्हरशी खेळायला लागतात आणि जे जमलंय तेही बिघडवून बसतात. माझी पद्धत अशी की सॉफ्टवेअर बाजूला ठेवायचं आणि पीएलसीशी थेट बोलून बघायचं. एफएक्सचा प्रोग्रॅमिंग पोर्ट ह्या बाबतीत फार सरळ आहे, त्याला ९६०० स्पीड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट ह्या सेटिंगवर हेक्समध्ये ०५ हा एकच बाइट पाठवला की तो ०६ परत करतो. ०५ म्हणजे "आहेस का", ०६ म्हणजे "आहे". कुठलाही सिरियल टर्मिनल ज्यात हेक्स पाठवता येतं तो चालतो. पाठवलं, काहीच नाही. तेव्हा पॅनलच्या आत डोकं घातलं तर केबल पीएलसीला नव्हतीच, पोरानं ती लेबलिंग मशीनच्या डेल्टाला लावून ठेवली होती, "तिकडे तरी चालते का बघितलं" म्हणे. आणि ह्या एफएक्सच्या सॉकेटमध्ये टचस्क्रीनची केबल बसलेली होती, कारण ह्या मशीनवर पोर्ट एकच आहे आणि एरवी तो स्क्रीनला लागतो. मशीन थांबवलं, मेन चालूच, स्क्रीनची केबल काढली, काळी केबल खाच बघून बसवली, ०५ पाठवला. ०६ आला. काकांना ते आकडे दाखवले तर चष्मा पुसून परत बघितले.

एवढ्या एका बाइटनं बऱ्याच शंका मिटतात. चिप ठीक, ड्रायव्हर ठीक, आरएस-४२२ ची बाजू ठीक, पीएलसीचा पोर्ट ठीक. आता काही अडलं तर ते फक्त सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये. आणि अडलंच. टर्मिनल बंद केला (दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एक कॉम पोर्ट वापरू शकत नाहीत, हे विसरलं की "पोर्ट इन यूज" येतं), जीएक्स वर्क्स२ मध्ये कनेक्शन डेस्टिनेशन उघडलं तर तिथे यूएसबी निवडलेलं. बरोबरच वाटतं ना, केबल यूएसबीची आहे म्हणल्यावर माणूस यूएसबीच निवडणार. पण सॉफ्टवेअरच्या लेखी यूएसबी म्हणजे ज्या पीएलसीला स्वतःचं यूएसबी सॉकेट आहे ते, आणि असली केबल त्याला साधा सिरियल पोर्ट दिसते, म्हणून तिथे आरएस-२३२सी निवडायचं, मग कॉम ७, स्पीड ९.६ केबीपीएस. टेस्ट दाबली, "सक्सेसफुली कनेक्टेड".

मग रीड फ्रॉम पीएलसी. एक धाकधूक होती की मशीनवाल्यानं कीवर्ड टाकलेला असेल, एफएक्सला पासवर्ड लावता येतो आणि तो असता तर एवढं सगळं करून हात हलवत परत. नव्हता. प्रोग्रॅम आला, पॅरामीटर आले. इथे घाईत लोक थांबतात, पण ह्या मशीनवर पाउचची लांबी, सीलिंगचा वेळ, फोटो मार्कचं ऑफसेट हे आकडे ऑपरेटर स्क्रीनवरून टाकतो आणि ते बसतात बॅटरीवर राहणाऱ्या डी रजिस्टरमध्ये (आकडे साठवायच्या कप्प्यांत), ते प्रोग्रॅमचा भाग नाहीत. ते वेगळे टिक करून वाचावे लागतात. वाचले, वर स्क्रीनवरच्या पानांचे मोबाइलवर फोटोही काढून ठेवले, कारण फोटो कुठल्या व्हर्जनमध्ये उघडत नाही असं होत नाही. कॉमेंट (कुठला नंबर कशाचा ते सांगणाऱ्या टिपा) मात्र आल्या नाहीत, मशीनवाल्यानं त्या पीएलसीत लिहिल्याच नव्हत्या, त्यामुळे सगळा लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, नुसत्या एक्स (इनपुट), वाय (आउटपुट), एम (आतले रिले) मध्ये उघडा बोडका. काकांनी चहा घेता घेता वायरिंग बघून सांगितलं एक्स० कुठला सेन्सर, एक्स१ कुठला, वाय कुठल्या सोलेनॉइडला जातो, पोरानं टाइप केलं. पोरगा चुणचुणीत आहे, त्याला कुणी पद्धत दाखवली नव्हती एवढंच.

फाइल तीन ठिकाणी ठेवली आणि मगच बॅटरीला हात लावला. मेन बंद, झाकण उघडून जुनी काढायची आणि नवी काही सेकंदांत लावायची असते, तेवढा वेळ आत साठलेल्या चार्जवर रॅम टिकते. नवी बॅटरी विकत घेताना ती किती वर्षं दुकानात पडून होती ते स्टिकरवर बघून घ्यावं. चालू केलं, दिवा गेला, पाउच पडायला लागले.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. परत तेच पत्र आलंय नावाच्या जागी. कुणी काही केलं नव्हतं, रात्री लॅपटॉप ऑफिसच्या वायफायवर राहिला, विंडोज अपडेटनं जुना ड्रायव्हर बघितला आणि नवा लावला. ह्यावर फोनवरूनच काकांकडून परत लिस्टमधून २००८ वालं निवडून घेतलं, ह्या वेळी फाइल लागत नाही कारण ते व्हर्जन आता विंडोजच्या साठ्यात असतं, यादीत आपोआप दिसतं. अपडेटला फक्त ह्या एका ड्रायव्हरपुरतं थांबवायचे मार्ग आहेत, पण छोट्या युनिटमध्ये जिथे लॅपटॉपवर बिलं, टॅली, मुलाचे गेम सगळं आहे तिथे असली जुगाड टिकत नाही, आज ना उद्या कुणीतरी काहीतरी दाबतंच. सतरा वर्षं जुना ड्रायव्हर अडीअडचणीला ठीक, रोजच्याला नको. अडीअडचण संपली होती.

म्हणून नवी केबल. इथे सावध राहायचं ते असं की बाजारातल्या स्वस्त एससी०९ केबलीत अजूनही तीच जुनी चिप निघते, म्हणजे पैसे देऊन तोच त्रिकोण घरी आणायचा. ऑनलाइन पानावर "विंडोज ११ सपोर्टेड" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, चिप कुठली ते विचारा, आणि विकणारा "ओरिजिनल चिप" एवढंच म्हणाला तर पुढचं दुकान गाठा. आम्ही लॅपटॉप घेऊनच दुकानात गेलो, काउंटरवर केबल लावली आणि पैसे द्यायच्या आधी हार्डवेअर आयडी बघितला. दुकानदाराला आवडलं नाही, पण काकांनी त्याच्याशी असा काही गुजरातीत संवाद केला की शेवटी त्यानंच दुसरा डबा उघडून दिला. ०४०३ आणि ६००१ वाली घेतली, एफटीडीआय. नकली तिच्यातही असते हे खरं, तेव्हा परतीची बोली करून घेतली. खरं तर सीएच३४० वाली मिळाली असती तरी चाललं असतं, स्वस्त चिप आहे, विंडोज ११ वर कटकट करत नाही, ९६०० च्या स्पीडला एफटीडीआयचा डौल कशाला हवा, पण दुकानात आरएस-४२२ च्या केबलीत ती नव्हती.

नवीन केबल लावल्यावर कॉम नंबर बदलला, कॉम ११ आला, आणि जीएक्स वर्क्स२ अजून कॉम ७ वरच शोधत होतं. हा नंबर प्रत्येक केबलीला वेगळा मिळतो, एवढं बघितलं की झालं. फार मोठा नंबर आला आणि सॉफ्टवेअर जुनं असलं तर पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन लहान करून घ्यायचा. काकांनी केबलीला कागद गुंडाळून वर टेप मारली: "मित्सुबिशी, एफटीडीआय, आरएस-२३२सी निवडणे, स्क्रीनची वायर काढणे."

करड्या केबलीचाही आयडी जाता जाता बघून घेतला, १०सी४ आणि ईए६०, म्हणजे सीपी२१०x. ती डेल्टाला लावून डब्ल्यूपीएलसॉफ्ट ह्या डेल्टाच्या सॉफ्टवेअरमधून लेबलिंग मशीनचा प्रोग्रॅमही त्याच बैठकीत उतरवून घेतला, तिला नवा ड्रायव्हर, जुना ड्रायव्हर काहीच लागलं नाही.